शेवटच्या खाचेतली सीट

रविवार, ४ मे २०२५

प्रांजलने ही वही आणून दिली. म्हणाली, "पप्पा, गाडीचं काय काय काम झालं ते लिहीत जा. मला नंतर व्हिडिओ करायला बरं पडेल." मी कळंबोलीला लोखंडाच्या वखारीत सुपरवायझर. दिवसभर ट्रकचे नंबर लिहितो, आता घरी येऊनही गाडीच लिहायची. पण मुलगी एकोणीस वर्षांची, डिप्लोमाला मेकॅनिकल घेतलेली. तिच्यापुढे माझं काय चालणार?

तर आज खांदा कॉलनीतून आम्ही सगळे कोळीवाड्यातल्या जुन्या घरी गेलो आणि मागची शेड उघडली. आत बाबांची कॉन्टेसा. बाबा म्हणजे काळूरामशेठ, मोरा बंदरावरून मासळी उचलून पनवेलच्या बाजारात घाऊक विकणारे. चौऱ्याण्णव साली ही काळी लांबलचक गाडी त्यांनी आणली तेव्हा अख्खा कोळीवाडा नारळ घेऊन उभा होता. बाबा उंचीला पाच फूट दोन इंच. सीट पार पुढे ओढून, खाली उशी घेऊन चालवायचे, तेव्हा समोरून बघणाऱ्याला वाटायचं गाडी एकटीच निघाली आहे. मी मामांवर गेलो, सहा फूट.

गेल्या दिवाळीत बाबा गेले. तेव्हापासून प्रांजलने धोशा लावला होता की आजोबांची गाडी आपण घरच्यांनी मिळून पुन्हा चालती करू. मनिषा म्हणाली, करूया, तेवढेच चार रविवार तुम्ही मोबाईल सोडून माणसांत याल. मला नको होतं. पण बायको आणि मुलगी एक झाल्यावर नवऱ्याने काय बोलायचं? शेडची चावी आईकडे होती. तिने ती प्रांजलच्या हातात दिली, माझ्याकडे बघितलंही नाही. वय झालं तिचं.

ताडपत्री आणि जुनी जाळी काढली. पुढचा डावा कोपरा चेपलेला, दिवा फुटलेला, सव्वीस वर्षांपूर्वी होता तसाच. प्रांजलने विचारलं, हे कसं झालं? मी तेच सांगितलं जे आमच्याकडे सगळे सांगतात. बुधा नावाचा कातकरी आमच्याकडे कामाला होता. बर्फ फोडायचा, पाट्या धुवायचा, गाडीही धुवायचा. एका दुपारी बाबा झोपलेले बघून त्याने चावी घेतली आणि शिरढोणच्या बाजूला मोरीच्या कठड्यावर गाडी घातली. हे सांगताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

बुधाने गाडी नेली नव्हती. मी नेली होती.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. आता ही वही प्रांजलला देता येणार नाही. उद्या दुसरी आणतो.

रविवार, ११ मे

हमजामिस्त्री आले. पत्र्याच्या कामातले जुने उस्ताद. खाली झोपून टॉर्च मारला आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मग म्हणाले, "कल्पेशभाई, वरून गाडी गेली, पण खालून माशाल्ला आहे. चॅसीला गंज नाही. ये तेल किसने लगाया?"

आईने उत्तर दिलं. "आमचा म्हातारा लावायचा. मुशीचा तेल. दर साली नारली पुनवेच्या आदी शेडचा दार लावून गाडीखाली झोपायचा."

मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल होडीच्या बुडाला लावतात, लाकूड सडू नये म्हणून. बाबांनी ते गाडीला लावलं आणि तेही पंचवीस वर्षं, दरवर्षी. मला हे माहीतच नव्हतं. प्रांजलचे डोळे पाणावले. गाडीवर एवढा जीव होता, मग दुरुस्त का केली नाही, हे मला कोडंच आहे. अपशकुनी होडी ओढून वर ठेवतात, त्यातला प्रकार असेल.

शेडमध्ये अजून तेलाचा वास आहे. मनिषाने नाकाला पदर लावून सगळी आतली गादी झाडली.

रविवार, १८ मे

आज वाईट झालं. पण फार वाईट नाही, असं वाटतं.

प्रांजल ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि हसायला लागली. तिचा पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट पुढे घ्यायला गेली तर हलेना. हमजामिस्त्रींनी हातोडी मारून बघितली. खालची पट्टी गंजून एकजीव झालेली. तेल गाडीच्या पोटाला होतं, आत कुठलं? मिस्त्री म्हणाले, "सीट पार शेवटच्या खाचेत आहे. लंबा आदमी असणार. आखिर में चालवली कोणी?"

प्रांजल म्हणाली, "बुधा नावाचा माणूस होता." आणि आईकडे वळून, "आजी, तो उंच होता?"

आई निवडत असलेल्या सुकटीवरून मान वर न करता म्हणाली, "बुधा? तुज्याएवडा व्हता. तुज्याहून बोटभर कमीच."

मी पटकन म्हणालो की टो करून आणताना बाबांनी सीट मागे घेतली असेल. प्रांजल म्हणाली, "आजोबा तर तुमच्या खांद्याला लागायचे." मी म्हणालो, मग टो करणाऱ्या माणसाने घेतली असेल, आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला गेलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर मुद्दाम वेळ काढला. परत आलो तेव्हा विषय मिटला होता. प्रांजल सीटचे बोल्ट सोडवत होती. पोरींच्या डोक्यात असल्या गोष्टी फार वेळ राहत नाहीत.

रविवार, १ जून

प्रांजल आज आली नाही. परीक्षेचा अभ्यास म्हणाली. परीक्षा तर संपली, असं मनिषा म्हणते. मिस्त्रींनी डाव्या कोपऱ्याचा पत्रा काढला, मी धरून उभा होतो. कठड्याचा चुना अजून घडीत अडकलेला होता. मी तो नखाने काढून टाकला आणि मग उगाचच इकडेतिकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

रविवार, ८ जून

सकाळी कांदेपोहे खाताना प्रांजलने विचारलं. आवाज चढवला नाही.

"पप्पा, गाडी तुम्ही चालवत होता ना?"

मनिषा हातात झारा घेऊन ओट्याशी थांबली. मी म्हणू शकलो असतो की नाही. सवय होती. पण पोरीचं तोंड बघून जमलं नाही. मी हो म्हणालो.

मग सगळं सांगितलं, निदान बरंच. मार्च नव्याण्णव. मी वीस वर्षांचा, लायसन नाही. कॉलेजातल्या मित्रांना गाडी दाखवायची होती. मोरीशी बैल आडवा आला. गाडी तिथेच टाकून शेतातून पळत घरी आलो. कपाळाला खोक पडली होती, तिला पट्टी लावून क्रिकेटचा बॉल लागला म्हणून सांगितलं. बाबा गाडी शोधायला लागले तेव्हा मी म्हणालो, बुधा चावीजवळ घुटमळत होता. एवढंच म्हणालो. 'बुधाने नेली' असं म्हणालो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हाच फरक सांगत आलो.

बाबांनी आणि आणखी तिघांनी त्याला मासळीच्या ओट्याशी मारलं. तो दोनदा म्हणाला, "नाय शेठ, मी नाय." तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोलायचा थांबला. मी ओटीवर उभा होतो. संध्याकाळी गावकी बसली आणि ठरलं की त्या माणसाला कोळीवाड्यात कोणी काम द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको शुक्री भांडीकुंडी डोक्यावर घेऊन गेले.

प्रांजलने एकच विचारलं. "मग त्यांचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मारल्याचं सांगताना वाटली नव्हती एवढी लाज मला त्या वेळी वाटली. मनिषाने गॅस बंद केला आणि आत गेली. पोहे तसेच राहिले.

सोमवार, ९ जून

कामावरून थेट आईकडे गेलो. म्हटलं, प्रांजलला कळलं, तुलाही सांगून टाकावं, बाबांच्या माघारी तरी. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"तुज्या बापसाने. गाडी टो करून आनली तवा तो शिटवर बसला, शेडमदी नीट लावायला. पाय पोचला नाय त्याचा. तसाच बसून राहिला. मंग उतरला आनि दार लावून घेतला."

मी विचारलं, मग बुधाला का मारलं?

"मारून झालता तवर," आई म्हणाली.

"मग त्याला परत का बोलावलं नाही?"

"बोलावला असता तं लोकांना काय सांगनार व्हता? तुजी सोयरीक बगायची व्हती. झाकली मूठ ती." मग म्हणाली, "त्यानी गाडी कुनालाच दुरुस्त करू दिली नाय. शिट कोन हलवंल, तेवडीच साक्ष व्हती म्हनून. आनि गाडी सडलेलीही त्याला बगवत नवती."

बाबा माझ्याशी पंचवीस वर्षं फक्त कामापुरतं बोलले. मला वाटायचं, धंद्यात आलो नाही म्हणून राग आहे. मी आईजवळ भिंतीला टेकून बसलो. तिने जेव म्हटलं नाही, मीही मागितलं नाही.

शनिवार, २१ जून

आमच्या वखारीत कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवरची काही माणसं माल उतरवायला येतात. अंकुश त्यांच्यातला जुना. आठ वर्षं त्याच्याकडून काम घेतोय, कधी गाव विचारलं नव्हतं. आज विचारलं, बुधा नावाचा कोणी? तो म्हणाला, आमच्याच वाडीवर हाय की, सायेब. वीटभट्टीवर जायचा, आता वय झालं, दोन साल झाली घरीच असतो. पावसामुळं भट्ट्या बंद झाल्या, आता सगळे वाडीवरच भेटतील.

म्हणजे तो जिवंत आहे आणि माझ्यापासून पंधरा किलोमीटरवर आहे. मेला असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर माझ्या मनात आलं. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी कसला माणूस आहे हे मला विसरता येणार नाही.

रविवार, २९ जून

वाडीवर जाऊन आलो. मी आणि प्रांजल.

मी शुक्रीसाठी साडी आणि दोन किलो पेढे घेतले होते. प्रांजल म्हणाली, पप्पा, हे घरीच राहू दे. मी ऐकलं नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं? दारात गेलो तर शुक्रीने मला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेत, बाकी तीच. तिने पेढ्यांचा पुडा घेऊन अंगणातल्या पोरांना देऊन टाकला. साडीची पिशवी मी तशीच हातात धरून उभा राहिलो, ती तिने घेतली नाही.

बुधा उंबऱ्याशी बसून खेकड्यांची टोपली विणत होता. एवढासा माणूस. हा माणूस ती सीट मागे ढकलून गाडी चालवेल, असं आमच्यातल्या कोणाला कसं वाटलं असेल? मी त्याच्या शेजारी वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "बुधादादा, माझं चुकलं." त्याला मी कधी दादा म्हटलं नव्हतं.

तो टोपली विणतच राहिला. शुक्री म्हणाली, "त्या कानान ऐकू येत नाय त्याला. त्या दिसापासून. हिकडनं बोल."

मी दुसऱ्या बाजूला गेलो. परत म्हणालो. बुधाने माझ्याकडे बघितलं. "जोरात बोल. ह्या कानान बी कमीच येतं आता."

म्हणून मला ओरडावं लागलं. "गाडी मी ठोकली होती. तुम्ही नाही. मी खोटं बोललो." शेजारच्या घरांतली माणसं बाहेर आली. अंकुशही आला. वखारीत मी ज्याला 'ए' म्हणून हाक मारतो तो अंकुश हात पुसत उभा राहून माझं ओरडणं ऐकत होता. माझी मुलगीही ऐकत होती.

बुधाने मान हलवली. "म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "ज्यानं नाय ठोकली त्यो मीच व्हतो ना."

मी म्हणालो, मी काय करू सांगा, काही लागलं तर, कानाच्या डॉक्टरकडे... तो मध्येच म्हणाला, "मला सांगून काय उपेग? ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांग. तुज्या कोलीवाड्यात सांग. तितं मी चोर हाय अजून." पूर्वी तो मला बारके शेठ म्हणायचा.

शुक्रीने प्रांजलला कोरा चहा दिला. मला विचारलं नाही.

रविवार, १३ जुलै

दुपारी इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग एकदम असं घुमलं की शेडचा पत्रा थरथरला. हमजामिस्त्रींनी "या अल्लाह" म्हणून हात वर केले. मनिषा हसली, गेल्या महिनाभरात पहिल्यांदा. मीही हसलो. मग प्रांजलकडे लक्ष गेलं. ती माझं हसणं बघत होती. मी गाडीपासून दूर जाऊन उभा राहिलो.

आवाज ऐकून कोळीवाड्यातली माणसं जमली. मंडळाच्या अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं की यंदा नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ काळूरामशेठच्या गाडीतून निघणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बैठकीला ये म्हणाले. मी हो म्हणालो.

शुक्रवार, २५ जुलै

झोप नाही. परवा बैठक. मनिषाला म्हटलं, तिथे खरं सांगितलं तर बाबांची अब्रू जाईल. ती म्हणाली, "बाबांची की तुमची?" आता आमच्यात एवढंच बोलणं होतं. सांगितलं नाही तर प्रांजल काही बोलणार नाही, पण ती माझ्यावर परत विश्वास ठेवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. हेच कारण आहे का फक्त? बुधासाठी नाही? मला नीट सांगता येत नाही.

रविवार, २७ जुलै

झालं ते जसं झालं तसं लिहितो.

देवळाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. बुधा आला नाही. त्या वाड्यात पाय ठेवणार नाही म्हणाला. पण शुक्री आली. "मी ऐकून त्याला सांगीन," म्हणाली. प्रांजलने तिला रिक्षाने आणलं. आत खुर्च्या होत्या, पण कोणी सरकून जागा केली नाही, म्हणून ती दाराशी पायरीवर बसली. प्रांजल तिच्या बाजूला बसली.

गाडीचा विषय आला तेव्हा मी उभा राहिलो. मी म्हणालो, नव्याण्णव साली गाडी बुधाने नेली नव्हती. मी नेली होती, मी ठोकली, आणि त्याचं नाव पुढे केलं. त्याला मारलं तेव्हा मी बघत उभा होतो. त्या मारात त्याचा कान गेला. गावकीने त्याचं काम बंद केलं ते माझ्यामुळे. तो चोर नाही, हे सगळ्यांसमोर सांगतो, आणि त्याची माफी मागतो.

मी तयारी केली होती की कोणीतरी उठून मला शिवी देईल. कोणी कॉलर धरेल. निदान बायका तोंडाला पदर लावतील. कोणीही काही केलं नाही. पंखा फिरत होता. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्या दिवशी बुधाचे हात त्यांनी धरले होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "बस आता, कल्पेश. कशाला जुना उकरतोस? खाली बस." अध्यक्ष म्हणाले, "बरं, पुढचा विषय, लायटिंग." आणि मग लायटिंगवर अर्धा तास वादावादी झाली. निघताना अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "गाडी हार घालून चारला आणशील ना?" मी म्हणालो, गाडी येणार नाही. ते म्हणाले, बघ बाबा, पोरं हिरमुसतील.

बाहेर शुक्री रिक्षाची वाट बघत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं ती काहीतरी बरं बोलेल. मला तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला लिहू?

ती म्हणाली, "तू बोललास ते सांगीन मी त्याला. सगला बोललास. पन तो विचारंल, ऐकून कोन दचकला?"

मी आठवून बघितलं. एकेक तोंड आठवलं. मला एकही नाव सांगता आलं नाही.

"कोनीच नाय ना," शुक्री म्हणाली. "म्हंजे समद्यांना म्हाईत व्हता."

रिक्षा आली. प्रांजलने तिला हात धरून बसवलं आणि स्वतःही तिच्याबरोबर गेली. मी देवळासमोर उभा राहिलो. आतून माणसं बाहेर येत होती आणि जाताना मला रोजच्यासारखं विचारत होती, काय कल्पेश, जेवलास का?